सौम्य अर्थ

"माशांची शाळा!" अष्टपुत्रे सरांनी टेबलावर थाप मारली. "अभ्यासक्षेत्रात माशांच्या शाळा आढळून आल्या नाहीत! अगं ए, ऐकलंस का? यांच्या खाडीत माशांना शिक्षणाची सोय नाही!"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. सर तर चष्मा काढून डोळे पुसत होते. मी आणि आमचे सरपंच रघुवीर भाटकर समोरच्या सोफ्यावर गुडघे जुळवून बसलो होतो. मोठ्या माणसाच्या घरी हसावं तेवढं रघुवीरभाऊ हसले. मीही हसले. त्या कागदांवर आम्ही गावात आधीच पोटभर हसून झालो होतो. पण एसटीचे धक्के खात तालुक्याला आलो होतो ते हसायला नव्हे.

आमचं कारवणे गाव खाडीच्या काठावर आहे. गावामागच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, नीलतारा केमिकल्स नावाची कंपनी कारखाना काढणार होती. कारखान्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि सुनावणीआधी कंपनीच्या अहवालाचा मराठी सारांश लोकांना वाचायला ठेवावा लागतो. तो ग्रामपंचायतीत आला. मी तेव्हा पंचायतीची सदस्य होते आणि गावातली बी.ए. झालेली एकटीच सून, म्हणून तो वाचायचं काम माझ्याकडे आलं.

वाचणार काय, कपाळ! कुणीतरी इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन बसला होता आणि प्रत्येक शब्दाचा जो अर्थ आधी दिसेल तो लिहून मोकळा झाला होता. प्लांट म्हणजे झाड, एवढं त्याला शाळेत शिकवलेलं. त्यामुळे आमच्या सड्यावर कारखाना येणार नव्हता, वनस्पती येणार होती. 'प्रस्तावित वनस्पतीचे आयुष्य तीस वर्षे असून तीत कामगार तीन पाळ्यांत काम करतील.' बँक म्हणजे पेढी. म्हणून खाडीला दोन काठ नव्हते, दोन पेढ्या होत्या. डिस्चार्ज म्हणजे सुटका, जशी दवाखान्यातून होते तशी. 'वनस्पतीची दैनंदिन सुटका खाडीच्या उत्तर पेढीवरून करण्यात येईल.' आणि आमच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून जे मुळे आणि तिसऱ्या काढतात, त्या शिंपल्यांच्या जागांना इंग्रजीत बेड म्हणतात. 'शिंपल्यांच्या बिछान्यांवर किरकोळ परिणाम संभवतो.'

अष्टपुत्रे सर म्हणजे जिल्ह्यातलं मोठं नाव. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. दर रविवारी जिल्ह्याच्या पेपरात त्यांचं 'शब्दांची बिऱ्हाडं' हे सदर यायचं. एक साधासा इंग्रजी शब्द घ्यायचा, रन म्हणा, सेट म्हणा, फाइन म्हणा, आणि त्याचे दहा-पंधरा अर्थ किश्शांसकट सांगायचे. लोक पेपर उलट्या बाजूने उघडून आधी ते वाचत. मीसुद्धा. कंपनीचे साहेब इंग्रजीत बोलणार, तर आपल्याकडेही इंग्रजीचा माणूस हवा, असं रघुवीरभाऊंनी ठरवलं आणि आम्ही सरांकडे आलो.

"सर," मी म्हटलं, "चुका तर खूपच आहेत. पण एका वाक्यात नुसती चूक नाही, त्याच्या आड काहीतरी आहे."

"कुठलं हो?"

मी पान काढून दिलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "वसंत ऋतूतील भरतीच्या वेळी सुटका चार किलोमीटर मागे येईल." आणि पुन्हा हसू लागले.

ते थांबेपर्यंत मी थांबले. मग त्यांना सांगितलं. आदल्या आठवड्यात हेच वाक्य मी घरी ओसरीवर वाचलं होतं. माझ्या सासूबाई, भागीआत्या, समोर मुळे फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "वसंतातली भरती म्हंजे गो काय? चैत्रात काय येगळी भरती येते?" तशी भरती नसते हे मलाही ठाऊक होतं. सोबतचा इंग्रजी अहवाल काढला. तिथे होतं, स्प्रिंग टाइड. शब्दकोश पाहिला. स्प्रिंग टाइड म्हणजे उधाण. आत्यांना तसं सांगितल्यावर त्यांची विळी थांबली. "उधान तर म्हयन्यातना दोनदा येतां," त्या म्हणाल्या. मग मी ते सगळं वाक्य त्यांना इंग्रजीवरून नीट मराठीत करून सांगितलं. उधाणाच्या भरतीला कारखान्याच्या सांडपाण्याचा बराच मोठा भाग खाडीत चार किलोमीटर आत परत येईल. चार किलोमीटर आत म्हणजे थेट आमच्या मुळ्यांच्या जागांवर. वर्षातून एकदा वसंतात नाही, दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला.

"हे त्यांना विचारायचं आहे सर. आमचं सगळं त्या खाडीवर आहे. गावातल्या निम्म्या बायका मुळ्यांवर घर चालवतात."

सरांनी मान डोलावली. डोळे मात्र माझ्याकडे नव्हते, छताकडे होते.

"स्प्रिंग!" ते हळूच म्हणाले, एखादी मिठाई जिभेवर ठेवावी तसं. "वसंत. झरा. उडी. घड्याळातली स्प्रिंग, गादीतली स्प्रिंग. बाई, एका शब्दाचा केवढा संसार! यावर मी स्वतंत्र बोलेन."

"आणि उधाणाचं?"

"येईल हो. ओघात येईल."

परतीच्या एसटीत रघुवीरभाऊ खुशीत होते. "माणूस मोठा. साहेबाला त्याच्याच भाषेत झोडपील बघ." पाऊण तास आम्ही त्या माणसाच्या घरी बसलो होतो आणि खाडीबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नव्हता, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

सुनावणी हायस्कूलच्या मैदानात झाली. मांडव, व्यासपीठ, पाण्याच्या बाटल्या, पाटीवर सुवाच्य अक्षरात 'पर्यावरणविषयक लोकसुनावणी'. जिल्ह्याहून आलेले साहेब अध्यक्ष. त्यांच्या शेजारी कंपनीचा समीर गुप्ते नावाचा तरुण, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, ज्याला त्याला काका आणि ताई म्हणणारा. आमच्या बायका त्या दिवसाची ओहोटी बुडवून आल्या होत्या आणि डाव्या बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. बोलण्याचा क्रम आम्ही ठरवला होता. आधी सर, मग मी, मग आत्या, मग ज्यांना बोलायचं ते.

सरांसाठी रघुवीरभाऊंनी खास जीप पाठवली होती. सर आले ते झब्बा-जाकीट घालून. माइक हातात घेतला आणि एकदा सगळ्या मांडवावरून नजर फिरवली. ती नजर मी ओळखली. आपल्या गॅदरिंगला आलेला मुख्य पाहुणा तसा बघतो.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "कारवण्याच्या ग्रामस्थांचं मी प्रथम अभिनंदन करतो. आजवर लोकांना नोकरीत पाळ्या लागत होत्या. तुमच्या गावी झाडाला तीन पाळ्या लागणार आहेत!"

मांडवात हशा फुटला. मग सर सुटलेच. प्लांट या शब्दावर पाव तास गेला. प्लांट म्हणजे रोप, प्लांट म्हणजे कारखाना, प्लांट म्हणजे कुणाच्या खिशात चोरीचा माल हळूच ठेवणं, प्लांट म्हणजे शत्रूच्या गोटात पेरलेला माणूस. प्रत्येक अर्थाला एक किस्सा. मग बँक. "उत्तर पेढीवर जाऊन पासबुक भरून घ्या म्हणजे खाडीत शिल्लक किती ते कळेल!" मग बेड. तिसऱ्यांना पलंग दिलाच आहे तर मच्छरदाणीही द्या. मग माशांच्या शाळेत हजेरी कोण घेतं. हसून हसून माणसं एकमेकांच्या पाठीवर पडत होती. अध्यक्षांनी रुमालाने तोंड झाकलं होतं. आणि गुप्ते सगळ्यांहून जास्त हसत होता. हसत होता आणि मधून मधून टिपून घेत होता.

मी आत्यांकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. "आपला कधी काढणार?" त्यांनी विचारलं.

"येईल ओघात," मी म्हटलं. स्वतःच्या तोंडून ते शब्द ऐकून मला लाज वाटली.

स्प्रिंग आलं. वसंत आला, झरा आला, उडी आली. गादीतल्या स्प्रिंगवर नवराबायकोचा एक वात्रट किस्सा आला आणि त्याला सगळ्यात मोठा हशा पडला. उधाण आलं नाही. सर पुढे डिस्चार्जकडे वळले.

मी एका चिठोऱ्यावर लिहिलं, 'सर, उधाणाचं राहिलं', आणि पुढे पाठवलं. सरांनी ते उघडलं, वाचलं, घडी करून जाकिटाच्या खिशात टाकलं आणि हसतमुखाने माइकवर सांगितलं, "आत्ताच चिठ्ठी आली आहे. लोकांना अजून ऐकायचंय म्हणतात!"

टाळ्या.

इतकी वर्षं झाली, माणसांचे अनेक नमुने पाहिले. खोटं बोलणारे पाहिले, पैसे खाणारे पाहिले. पण ज्या सहजपणे तो माणूस ते बोलला, त्याच्या जवळपासचंही काही मी पुन्हा पाहिलेलं नाही.

सर खाली बसले तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. गुप्ते उभा राहिला. हात जोडले.

"सरांनी आमचे कान उपटले ते योग्यच केलं. सारांशाच्या भाषांतरात अक्षम्य चुका झाल्या आहेत. कंपनीतर्फे मी माफी मागतो. आम्ही तो सारांश पूर्ण दुरुस्त करू, आणि सर हो म्हणाले तर त्यांच्याच मार्गदर्शनाखाली करू. कारवण्याच्या लोकांइतकी विनोदबुद्धी असलेली माणसं मी कुठे पाहिली नाहीत!"

त्यालाही टाळ्या. सरांनी जागेवरूनच त्याला मान लववली.

लगेच इतिवृत्त वाचायला घेतलं. सुनावणीत काय झालं ते शेवटी लोकांना वाचून दाखवायचं आणि मग साहेबांनी सही करायची, अशी पद्धत असते. कारकून भराभर वाचत सुटला. "ग्रामस्थांनी प्रा. दिगंबर अष्टपुत्रे यांच्यामार्फत मराठी सारांशातील भाषिक त्रुटींकडे लक्ष वेधले. प्रकल्प प्रवर्तकांनी सदर त्रुटी दुरुस्त करण्याचे मान्य केले. खेळीमेळीच्या वातावरणात सुनावणी पार पडली. अन्य हरकती नाहीत."

अन्य हरकती नाहीत. माणसं उठू लागली होती. कुणी चपला शोधत होतं. मी उभी राहिले.

"साहेब, आमच्या हरकती आहेत."

"बाई, वेळ संपली आहे," अध्यक्ष म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. भूक लागलेला माणूस होता. "तुमचंच म्हणणं सरांनी मांडलं ना?"

"सरांनी त्यांचं मांडलं. आमचं अजून सुरूच झालं नाही."

माइकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली होती. सर माझ्याजवळ आले, खांद्याशी वाकून, अगदी मायेने म्हणाले, "अहो, रंगलेली सभा अशी बिघडवू नये. सगळे किती प्रसन्न मनाने निघालेत!"

"सर, तुम्ही बसा," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. पण माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, ते बसले.

तेवढ्यात आत्या उठल्या. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे, गुडघे चिखलाने गेलेले. त्या चालत व्यासपीठाच्या पायऱ्यांशी गेल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्या बायका गेल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. जशा बाजारात टोपल्या मांडून बसतात तशा बसल्या. उतरायला वाट राहिली नाही.

"सायेब," आत्या म्हणाल्या, "तुमी घाई करू नुको. जेवान हवा तर हितंच मागवा. आमी हाव."

अध्यक्ष परत खुर्चीत बसले आणि कारकुनाला म्हणाले, "लिही."

मी माइकशिवाय बोलले. गावात हाका मारायची सवय कामी आली. पहिलं, वनस्पती नव्हे, रसायनांचा कारखाना. त्याचं सांडपाणी रोज आमच्या खाडीत सोडणार, ते सुटका या शब्दाखाली लपलं आहे. दुसरं, माशांच्या शाळा नाहीत याचा अर्थ या खाडीत माशांचे थवे येत नाहीत असं तुम्ही लिहून दिलंय. ते कुणी, कधी पाहिलं? पावसाळ्यानंतर या, आम्ही होडीतून दाखवतो. तिसरं, उधाण.

उधाण म्हटल्यावर गुप्त्यांची लेखणी थांबली. हसूही थांबलं.

"ताई," तो म्हणाला, "स्प्रिंग टाइड म्हणजे उधाणच, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच इंग्रजी अहवालाने. वाक्याखाली तारखा दिल्यात. सगळ्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे आहेत. आमच्या भिंतीवर पंचांग आहे."

अध्यक्षांनी विचारलं, "गुप्ते, हे बरोबर आहे का?"

"सर, टेक्निकली बघायला गेलं तर—"

"हो की नाही?"

गुप्त्यांनी आत्यांकडे पाहिलं, मग कागदांकडे. "हो."

मांडवात कुणी हसलं नाही. बाहेर पडलेली माणसं परत येऊन कनातीला धरून उभी होती. अध्यक्षांनी कारकुनाकडून कागद घेतला, 'अन्य हरकती नाहीत' स्वतःच्या पेनने खोडलं आणि आमचे मुद्दे लिहवून घेतले. शेवटी म्हणाले, "नीट मराठीत सारांश द्या. लोकांना कळेल असा. मग पुन्हा सुनावणी."

बायका पायऱ्यांवरून उठल्या. आत्यांना मी हात दिला. त्या उठताना म्हणाल्या, "संध्याकाळची सुकती गावंल अजून," आणि खरंच घरी जाऊन टोपली घेऊन त्या ओहोटीला खाडीत उतरल्या.

सरांना घरी सोडायला रघुवीरभाऊंची जीप तयार होती. पण सर गुप्त्यांच्या गाडीतून गेले. मैदानातून गाडी बाहेर पडताना मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. सर हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि गुप्ते हसत होता.

पुढच्या रविवारच्या सदरात सुनावणी आली. बिऱ्हाड होतं 'स्कूल' या शब्दाचं. त्यात मी होते. 'सभेच्या अखेरीस एका भाबड्या भगिनीने माशांचे थवे दाखवण्यासाठी साहेबांना चक्क होडीत बसण्याचे निमंत्रण दिले!' उधाणाचा उल्लेख नव्हता. रघुवीरभाऊंनी तो पेपर पंचायतीत आणला, वाचला आणि उलटा ठेवला.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर दुरुस्त सारांश आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर खाडीचा फोटो, आत पहिल्याच पानावर 'मराठी अनुवाद: प्रा. दिगंबर अष्टपुत्रे'. मी इंग्रजी प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. कारखान्याला कारखाना म्हटलं होतं, काठाला काठ. माशांचे थवे होते, आणि ते अजूनही 'आढळून आले नाहीत'. उधाणही होतं. त्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. मग दुसऱ्या दिवशी तालुक्याची गाडी धरली. या वेळी एकटीच गेले.

सर अंगणात पेपर वाचत होते. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला.

"या, या! वाचलंत? आता दाखवा एक तरी चूक."

"चूक नाही सर."

"नसणारच! तीन महिने बसलोय."

मी पिशवीतून दोन्ही प्रती काढल्या आणि वाचून दाखवलं. "उधाणाच्या भरतीसमयी प्रक्रियायुक्त जलाचा काही अंश खाडीच्या अंतर्भागास स्पर्श करण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"लय बघा वाक्याची," सर म्हणाले.

"प्रक्रियायुक्त जल म्हणजे सांडपाणीच ना?"

"एफ्लुअंट. सांडपाणी म्हणता येईल, पण तो शब्द जरा ओबडधोबड आहे."

"आणि 'काही अंश' कुठल्या शब्दाचं?"

त्यांनी इंग्रजी प्रत घेतली, ओळीवर बोट ठेवलं. "सिग्निफिकंट पोर्शन. सिग्निफिकंट! काय शब्द आहे बाई. अर्थपूर्ण, सूचक, दखल घेण्याजोगा, लक्षणीय, संख्याशास्त्रात तर आणखी निराळाच. पाच-सहा अर्थ सहज निघतात."

"मी बराच मोठा भाग असं केलं होतं."

"तोही एक अर्थ आहे. पण फार भडक. मी त्यातला सौम्य घेतला."

"आणि 'विल रिटर्न'? परत येईल. तुम्ही 'स्पर्श करण्याची शक्यता' लिहिलंत."

"भाषांतरकाराला तेवढं स्वातंत्र्य असतं हो."

मी विचारलं, "गुप्त्यांनी सांगितलं होतं का, सौम्य घ्या म्हणून?"

सर दुखावले. खरोखर दुखावले. चेहरा लाल झाला. "काय बोलता! गुप्त्यांनी एका शब्दाला हात लावला नाही. तो बिचारा म्हणाला, तुम्ही द्याल ते आम्ही छापू. हे सगळं मी माझ्या मनाने केलंय. कुठे कुठला अर्थ शोभून दिसतो हे मला कुणी सांगावं लागत नाही. आयुष्य गेलंय भाषेत."

तोवर मी मनात एक गोष्ट धरून होते. मला वाटत होतं, या माणसाला कंपनीने विकत घेतलं असेल. तसं असतं तर मला निदान थोडी कीव करता आली असती. पण त्याला विकत घ्यायला कुणी आलंच नव्हतं. तो आपल्या मनानेच, हौसेने, तीन महिने बसून, प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ समोर मांडून, त्यातला आमच्या जिवावरचा तेवढा बाजूला काढत गेला होता.

"तुम्ही नाराज दिसता," ते म्हणाले. "अहो, आता सारांश किती देखणा झालाय! पहिला आठवतो ना?"

"आठवतो. तो करणाऱ्याला निदान समजत नव्हतं."

त्यांच्या बायकोने चहा आणला होता. मी तो न घेता उठले. आयुष्यात कुणाच्या दारचा चहा मी तेवढा एकदाच नाकारला आहे.

दुसऱ्या सुनावणीला आम्ही सरांना बोलावलं नाही, कुणालाच बोलावलं नाही. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस मी इंग्रजी अहवालातली कामाची पानं आमच्या बोलीत करून बायकांना वाचून दाखवली. सांडपाणी, घाण, उधाण, परत येणार. जे शब्द रोज तोंडात असतात तेच. ज्याला जे विचारायचं ते त्याने आपल्या तोंडाने विचारायचं, एवढं ठरलं. सकाळी सुरू झालेली सुनावणी दिवेलागणीला संपली. कोणी विनोद केला नाही. आत्यांनी साहेबांना पाटीभर मुळे दाखवले आणि विचारलं, की यातल्या किती मुळ्यांना तुमचा 'स्पर्श' होनार, तेवढा सांगा. गुप्त्यांच्या जागी कंपनीचा दुसराच माणूस आला होता. त्याने तो प्रश्न लिहून घेतला.

शेवटी अट पडली, की सांडपाण्याचा नळ खाडीत सोडायचा नाही, खाडीच्या मुखाबाहेर खोल समुद्रात न्यायचा. कंपनीने वर्षभर हिशेब घातले आणि सडा सोडला. कुंपणाचे खांब अजून उभे आहेत, आत गवत वाढतं, गुरं चरतात. मुळे आजही निघतात. पूर्वीइतके नाही, पण निघतात. आत्या गेल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यापर्यंत खाडीत उतरत होत्या.

पुढे मी सरपंच झाले. त्या काळात एकदा तालुक्याच्या नाट्यगृहात सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता आणि आजूबाजूच्या गावच्या सरपंचांना बोलावणं होतं. जायचं नाही असं ठरवलं होतं. मग गेले. सभागृह गच्च भरलं होतं. 'शब्दांची बिऱ्हाडं'चं पुस्तक निघालं होतं, दारात ते मांडलं होतं. व्यासपीठावर हारतुरे, शाल, श्रीफळ. सर थकले होते, पण चेहरा तसाच टवटवीत. सूत्रसंचालकाने अचानक माझं नाव पुकारलं. "कारवण्याच्या सरपंच मेघनाताई तोडणकर. सरांचा आणि कारवण्याचा ऋणानुबंध आपण सगळे जाणतोच. ताई, दोन शब्द."

मी माइकपाशी गेले. समोर सगळी हसरी तोंडं. सर खुर्चीत पुढे सरकून बसले, आपल्याबद्दल काय निघतं ते ऐकायला.

मी म्हटलं, "सरांना प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ माहीत आहेत. कुठला कधी घ्यायचा, हेही त्यांना कुणी सांगावं लागत नाही."

आणि खाली उतरले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सर हात जोडून उठले, डोळे भरून आले होते त्यांचे, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी मला वाकून नमस्कार केला.